पाळण्यातून दिसणारा दिवा

बाजारातून आणलेल्या दिव्याच्या फिटिंगमध्ये बाळासाठी घरच्या घरी फेरबदल करणे, म्हणजे तिची शेड काढून दुसरी लावणे, तिच्यावर कापड चढवणे, तिची उंची किंवा जागा बदलणे, आतला बल्ब वेगळ्या जातीचा घालणे, हे रिकामपणाचे उद्योग आहेत, असे मत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातील मध्यमवर्गीय घरांत आजही ठामपणे मांडले जाते. हे मत मांडणारे सगळे एका विचाराचे नसतात. वडीलधाऱ्यांना त्यात परक्यांचे अनुकरण दिसते, दुकानदाराला आणि वायरमनला विजेशी खेळ दिसतो, सजावटकाराला तयार मिळणाऱ्या ‘बेबी’ दिव्यांपुढे हा खटाटोप निरर्थक वाटतो, आणि काही सुशिक्षित पालकांना तर बाळाच्या खोलीत रात्री दिवा असणेच घातक वाटते. मात्र या सर्वांच्या बोलण्यात एक गृहीतक सारखेच दडलेले आहे: खोलीतला दिवा सर्वांना सारखाच दिसतो, आणि म्हणून मोठ्यांना चालणारा दिवा बाळालाही चालतो. हे गृहीतक चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्यामुळेच विकतच्या दिव्यात फेरबदल करणे हा बाळाच्या संगोपनाचाच एक भाग ठरतो. फिटिंग या शब्दाने येथे बल्ब सोडून उरलेला सगळा सांगाडा अभिप्रेत आहे, म्हणजे होल्डर, वायर, छताला किंवा भिंतीला धरणारा भाग आणि उजेड अडवणारी किंवा पसरवणारी शेड.

घरगुती दिवा बनवणारा कारखाना ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवतो, तो माणूस उभा असतो, बसलेला असतो किंवा दारातून आत येत असतो. त्याची नजर समोर असते, दिवा त्याच्या कपाळाच्या वर राहतो, आणि प्रखर उजेड डोळ्यांत आलाच तर मान वळवणे किंवा जागेवरून उठणे त्याच्या हातात असते. तान्ह्या बाळाची स्थिती नेमकी याच्या उलट आहे. बाळाला पालथे न झोपवता पाठीवर झोपवावे हा सल्ला १९९० च्या दशकापासून जगभर दिला जातो आणि तो योग्यच आहे, पण त्याचा परिणाम असा की बाळाच्या जागेपणीचा मोठा वेळ छताकडे तोंड करून जातो. पहिले तीन-चार महिने त्याला कूस बदलता येत नाही. शिवाय डोळ्यातील भिंग जन्मतः अतिशय स्वच्छ असते आणि वयाबरोबर पिवळट होत जाते, त्यामुळे निळसर प्रकाश आजीच्या डोळ्यांत जितका शिरतो त्याहून कितीतरी अधिक नातवाच्या डोळ्यांत शिरतो. पाळण्याच्या बरोबर वर लावलेला उघडा बल्ब मोठ्यांसाठी खोलीतला एक दिवा असतो, तर बाळासाठी तो त्याच्या दृष्टीच्या केंद्रस्थानी टांगलेली, हलवता न येणारी वस्तू असते.

शेड नेमके काय करते, हे आकड्यांत पाहिले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. घरोघरी वापरला जाणारा ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन प्रकाश देतो, ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. या बल्बच्या पांढऱ्या घुमटाचा व्यास सुमारे सहा सेंटीमीटर असतो, म्हणजे तो सगळा प्रकाश लिंबाहून थोड्या मोठ्या पृष्ठभागातून बाहेर पडतो. त्याच बल्बभोवती तीस सेंटीमीटर व्यासाचा कागदी किंवा कापडी गोल बसवला, तर प्रकाश पाचपट रुंद पृष्ठभागावरून पसरतो आणि दिसणाऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ पंचवीसपट होते. कागदाने थोडा प्रकाश गिळला तरी खोलीतील एकूण उजेड फारसा कमी होत नाही, मात्र डोळ्यांना जाणवणारी पृष्ठभागाची झळाळी पंचविसाव्या हिश्श्याहूनही खाली येते. डोळ्यांत खुपते ती ही झळाळीच. म्हणून ‘बल्ब कमी वॉटचा लावा, शेडची काय गरज’ हा सल्ला अपुरा आहे: कमी वॉटच्या उघड्या बल्बमुळे खोली अंधारते, आणि तरीही पाळण्यातून पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो टोचणारा ठिपकाच राहतो.

आता पहिला आक्षेप, परक्या अनुकरणाचा. बाळाची वेगळी खोली आणि त्या खोलीचा वेगळा दिवा ही कल्पना आपली नाही, असे म्हटले जाते, आणि या म्हणण्याला भाषेचा वरवरचा आधारही मिळतो, कारण अशा खोलीसाठीचा इंग्रजी शब्द नर्सरी, आणि मराठीत नर्सरी म्हणजे एक तर रोपवाटिका किंवा बालवाडीच्या अलीकडची शाळा. परंतु वस्तू नव्हती असे नाही, तिचे नाव वेगळे होते. बाळंतिणीची खोली हा मराठी घरातील पूर्ण विचार करून मांडलेला भाग होता. वाऱ्यापासून आडोशाची जागा, शेक-शेगडी, धुरी, पडदा आणि मंद दिवा यांची त्या खोलीत ठरलेली योजना असे. त्यातील बंद खिडक्या आणि धूर यांचे समर्थन आज कोणी करू नये. दिव्याची योजना मात्र शहाणपणाची होती. तो कोनाड्यात ठेवला जाई, म्हणजे ज्योत भिंतीच्या आत राहून उजेड तेवढा बाहेर येई, आणि पुढे कंदील आले तेव्हा निजानीज झाल्यावर त्याची वात बारीक केली जाई. पाचवीच्या रात्री, सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते या श्रद्धेने, दिवा रात्रभर तेवत ठेवण्याची चालही सर्वपरिचित आहे. कोनाडा म्हणजे शेड, आणि वात बारीक करणे म्हणजे आजच्या भाषेत डिमर. विजेचा दिवा छताला गेला तेव्हा या दोन्ही सोयी घरातून निघून गेल्या. विकतच्या फिटिंगला शेड चढवणारी आई त्या सोयी परत आणते, आणि तिला परक्यांची नक्कल करणारी म्हणणे हा आपल्याच घराच्या इतिहासाचा विसर आहे.

या आक्षेपाची दुसरी बाजू अधिक व्यावहारिक आहे. डोंबिवलीच्या वन-बीएचके घरात किंवा कळव्याच्या बैठ्या चाळीत बाळाला स्वतंत्र खोली कुठून आणणार, आणि खोलीच नसेल तर तिच्या दिव्याचा विचार कशाला, असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर त्या प्रश्नातच आहे. ज्या घरात बाळ, आई, पहाटेची लोकल पकडणारे वडील आणि नातवाजवळ झोपणारी आजी एकाच खोलीत असतात, तिथे एका दिव्याला चार माणसांच्या रात्री सांभाळाव्या लागतात. रात्री दोन वाजता दूध पाजताना आईला बाळाचे तोंड आणि नाक दिसले पाहिजे, लंगोट ओला आहे की नाही ते कळले पाहिजे, आणि त्याच क्षणी तीन फुटांवर झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड येता कामा नये. मोठ्या घरात दार लोटून घेता येते. लहान घरात ते काम शेडलाच करावे लागते. म्हणजे घर जितके लहान, तितकी दिव्याला आड लावण्याची गरज मोठी, आणि हा विचार परदेशी सजावटीच्या मासिकांत सापडत नाही, कारण ती मासिके अशा घरांसाठी लिहिलेली नसतात.

विकतच्या दिव्यात बदल करावा लागण्याचे आणखी एक स्थानिक कारण छताकडे पाहिले की लक्षात येते. थंड हवेच्या देशांत खोलीच्या छताचा मध्य दिव्याचा असतो, ठाणे-कल्याणच्या दमट हवेत तो पंख्याचा असतो. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने तुर्भ्याला जाऊन, तिथे डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या आयकियाच्या दालनातून पंचेचाळीस सेंटीमीटरचा पांढरा कागदी गोल आणणारी कुटुंबे या पट्ट्यात बरीच आहेत. तो गोल सुंदर असतो, परंतु तो मूळ मांडणीप्रमाणे लटकवला की एक तर पंख्याच्या वाऱ्याने हेलकावे खातो आणि भिंतीवरच्या सावल्या रात्रभर हलत राहतात, किंवा तो पंख्याच्या पातळीच्या वर गेला तर फिरणारी पाती उजेड कापत राहतात आणि बाळाच्या चेहऱ्यावर उजेड-अंधाराची उघडझाप चालू होते. हा दोष त्या वस्तूचा नाही, ज्या खोलीची कल्पना करून ती बनली ती खोली वेगळी आहे. गोल कोपऱ्यात नेणे, त्याच्या तळाशी दोन बाजूंनी दोरा घेऊन तो भिंतीला स्थिर करणे आणि पंख्याच्या घेरापासून दूर ठेवणे, एवढा बदल केल्यावरच ती वस्तू इथल्या घराची होते.

दुसरा आक्षेप झिरो बल्बचा. आमची मुले झिरोच्या उजेडात वाढली, त्यांचे काय बिघडले, असे आजी-आजोबा विचारतात, आणि या प्रश्नामागे तीन पिढ्यांचा अनुभव असल्याने त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. झिरो बल्ब हे नावच मुळात फसवे आहे. तारेचा जुना झिरो बल्ब दहा-पंधरा वॉट वीज खात असे, जुन्या मीटरांना इतका लहान भार नीट नोंदता येत नसे म्हणून त्याला शून्य म्हटले जाऊ लागले. त्याचा उजेड मंद असतो हे खरे, आणि झोपेसाठी तो पुरेसा असतो हेही खरे. परंतु हे बल्ब बहुधा लाल, हिरव्या किंवा निळ्या काचेचे असतात, आणि नवजात बाळाच्या खोलीत रंगीत उजेड हा खरा धोका आहे. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांपैकी अर्ध्याहून अधिक बाळांना पहिल्या आठवड्यात कमी-अधिक कावीळ होते. ती बहुतेकांची आपोआप ओसरते, पण काहींची वाढते, आणि ती वाढते आहे हे घरच्यांना कळण्याचा पहिला मार्ग म्हणजे बाळाच्या कातडीचा आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागाचा रंग. पिवळ्या शेडखाली सगळीच बाळे पिवळी दिसतात, निळ्या बल्बखाली पिवळेपणा झाकला जातो, आणि हिरव्या उजेडात ओठ काळेनिळे पडले आहेत की नाही हेही ओळखू येत नाही.

येथे एका गैरसमजाचाही समाचार घेतला पाहिजे. रुग्णालयात कावीळ झालेल्या बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवतात, म्हणून घरचा निळा बल्ब किंवा पांढरी ट्यूबही तेच काम करील, असे सांगणारे अजून भेटतात. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिकेच्या लक्षात आले की उन्हात नेलेल्या बाळाच्या उघड्या कातडीचा पिवळेपणा कमी होतो, आणि १९५८ मध्ये तेथील डॉक्टरांनी दिव्यांच्या उपचाराचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या उपचारात ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, मोजून दिलेल्या तीव्रतेचा प्रकाश बाळाच्या उघड्या अंगावर अगदी जवळून टाकतात आणि डोळे झाकून ठेवतात. आजच्या अर्ध्या वॉटच्या निळ्या झिरो बल्बमधून त्यातले काहीही साधत नाही. उपचाराला उशीर मात्र होऊ शकतो. म्हणून बाळाच्या दिव्याची शेड पांढरी किंवा कोऱ्या मांजरपाटासारखी फिकट असावी, रंगाची हौस शेडच्या बाहेरच्या काठावर भागवावी, आणि बाळाची कातडी दिवसातून एकदा तरी खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहावी.

तिसरा आक्षेप शास्त्राचे नाव घेऊन येतो, आणि म्हणूनच त्याचा प्रभाव अधिक आहे. रात्री दिवा लावून झोपणाऱ्या बाळांना पुढे चष्मा लागतो, हे विधान ज्या संशोधनातून पसरले ते १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी ४७९ मुलांच्या पालकांना विचारले की पहिल्या दोन वर्षांत मूल अंधारात झोपे, मंद दिव्यात झोपे की पूर्ण उजेडात. अंधारात झोपलेल्यांपैकी १० टक्के, मंद दिव्यात झोपलेल्यांपैकी ३४ टक्के आणि पूर्ण उजेडात झोपलेल्यांपैकी ५५ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अंधूक दिसण्याचा दोष, आढळला. आकडे धक्कादायक होते आणि ते वाऱ्यासारखे पसरले. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, त्याच नियतकालिकात अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांचे निष्कर्ष आले आणि दोघांनाही असा संबंध आढळला नाही. लघुदृष्टी असलेले आईवडील आपल्या मुलांच्या खोलीत दिवा ठेवण्याची शक्यता अधिक, आणि लघुदृष्टी आनुवंशिकही असते, असे उलगडले. दिवा आणि चष्मा या दोघांचेही मूळ आईवडिलांच्या डोळ्यांत होते. पहिली बातमी ज्यांच्यापर्यंत पोहोचली त्यांतल्या बहुतेकांपर्यंत तिचे खंडन पोहोचले नाही, ही मोठी खेदाची गोष्ट आहे, कारण त्या अर्धवट माहितीपायी आजही आया रात्री अंधारात चाचपडत बाळाला पाजतात आणि नीट दिसले नाही की थेट वीस वॉटची पांढरीफटक ट्यूब लावतात.

प्रकाशाचा खरा परिणाम झोपेवर होतो, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींशिवाय दिवस-रात्रीची नोंद घेणाऱ्या पेशीही असतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेलाटोनिन या झोप आणणाऱ्या संप्रेरकाचा स्राव रोखतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१८ च्या एका लहानशा प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेपूर्वी तासभर प्रखर प्रकाशात ठेवले असता त्यांच्यातील मेलाटोनिन सरासरी ८८ टक्क्यांनी घटले. तान्ह्या बाळात दिवस-रात्रीचे हे चक्र जन्मानंतर दोन-तीन महिन्यांनी आकार घेऊ लागते, म्हणजे त्या काळात दिवसा भरपूर उजेड आणि रात्री मंद, पिवळसर, खालून येणारा उजेड ही त्याची गरज आहे. बाजारात सर्वाधिक खपणारे बल्ब ६५०० केल्विनचे असतात. केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप आहे, आकडा जितका मोठा तितकी छटा निळसर. रात्रीसाठी २७०० केल्विनचा, पिवळसर पांढरा बल्ब लागतो, आणि तो मागून घ्यावा लागतो. काळ्याकुट्ट अंधाराचा आग्रह आणि पांढऱ्या ट्यूबची सवय या दोन्हींपेक्षा हा मधला मार्ग बाळाच्या शरीराला अधिक मानवतो, आणि तयार फिटिंग तो आपण होऊन देत नाही.

तयार ‘बेबी’ दिवे घ्या, हा सजावटकाराचा युक्तिवाद फार वेळ घेण्याजोगा नाही. त्यांतले बरेचसे दिवे छतावर तारे फिरवतात, रंग बदलतात, गाणी वाजवतात, आणि झोपवण्याच्या नावाखाली बाळाला जागे ठेवतात. काहींत नाण्याच्या आकाराची सपाट बॅटरी असते. ती मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकते, आणि स्क्रू न लावलेल्या झाकणाच्या दिव्यातून ती काढायला रांगत्या मुलाला वेळ लागत नाही. अशी वस्तू विश्वासाने आणावी आणि साध्या दिव्यावर घरी शिवलेल्या शेडला मात्र धोकादायक म्हणावे, यात विवेक नाही.

सर्वांत बळकट आक्षेप विजेचा आहे. विजेच्या वस्तूला घरच्या माणसाने हात लावू नये, २३० व्होल्ट माफ करत नाहीत, हे वायरमनचे म्हणणे पोटतिडकीचे असते आणि त्यात तथ्यही आहे. मात्र ते फिटिंगच्या एका भागाला लागू पडते आणि दुसऱ्याला पडत नाही. ही रेषा कायद्यानेच आखलेली आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील ४५ व्या नियमाने विजेच्या मांडणीतील कामे परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचे बंधन घातले, आणि त्याच नियमात, मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल अशा बेताने दिवे, पंखे, फ्यूज, बटणे, घरगुती उपकरणे आणि फिटिंग बदलण्याचे काम त्यातून वगळले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनीही ही तरतूद जवळपास त्याच शब्दांत पुढे चालवली. म्हणजे होल्डरच्या वर जे आहे, वायर, जोड, छतातील पेटी, अर्थिंग, ते जाणकाराचे क्षेत्र, आणि होल्डरच्या खाली जे आहे, बल्ब आणि शेड, ते घराचे. शेड बदलणे याला वायरिंगमधील ढवळाढवळ म्हणणे नियमाच्या अक्षराशीही जुळत नाही.

ही रेषा पाळताना दोन ठिकाणी विशेष काळजी हवी. आपल्या घरांत बहुधा दोन खुंट्यांचा, दाबून फिरवायचा बी-२२ होल्डर असतो, तर परदेशी पद्धतीच्या शेड आट्यांच्या ई-२७ होल्डरसाठी बनलेल्या असतात. होल्डर बदलायचा तर ते काम वायरमनचेच, कारण आट्यांच्या होल्डरमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले तर बाहेरच्या आट्यांत वीज खेळते आणि बल्ब फिरवणाऱ्या बोटांना ती लागू शकते. दुसरी गोष्ट धातूची. पितळेची चाळणी किंवा तांब्याचे भांडे उलटे टांगून त्याची शेड करण्याची आवड वाढली आहे, आणि दिसायला ते मोहक असते. कागदाची शेड विजेपासून वेगळी राहते, धातूची राहत नाही, आणि अर्थिंग न जोडलेल्या धातूच्या शेडला आतून वायर घासली की ती शेडच जिवंत होते. बाळाच्या खोलीत धातू टाळावा, आणि घराच्या मुख्य फळीवर तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, नसेल तर दिव्याचा विचार करण्याआधी ती बसवून घ्यावी.

आगीची भीतीही जुन्या बल्बच्या काळातली आहे. तारेचा ६० वॉटचा बल्ब घेतलेल्या विजेतील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत घालवी, त्याच्या काचेला टेकलेला कागद करपे, आणि त्या काळात शेडविषयी सावध असणे योग्यच होते. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर एलईडी बल्ब घरोघरी पोहोचले आणि हे चित्र बदलले. एलईडीही तापतो, पण मुख्यतः बुडाशी, म्हणून शेड वरून उघडी ठेवून त्याला हवा मिळू द्यावी, नाहीतर आग लागली नाही तरी बल्ब लवकर मरतो. मात्र बल्बभोवती ओढणी गुंडाळणे, थर्माकोलचा गोळा करणे, लोकरीचे गोंडे बल्बला चिकटवणे, असल्या प्रकारांना फेरबदलाचे नाव देऊ नये. ते करणाऱ्यांनीच या चांगल्या कामाची बदनामी केली आहे, आणि वायरमनचा राग त्यांच्यामुळे सगळ्यांवर निघतो. बल्ब आणि शेड यांच्यात चारी बाजूंनी वीतभर नाही तरी चार बोटे अंतर हवेच.

चांगला फेरबदल कसा असतो, याचा सर्वांत जवळचा नमुना दर दिवाळीला या पट्ट्यातील गॅलरीगॅलरीत टांगलेला असतो. आकाशकंदील म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळीने चिकटवलेला पतंगी कागद, आणि आत एक बल्ब. जपानमधील गिफूच्या कागदी कंदिलांवरून इसामू नोगुची यांनी १९५१ पासून घडवलेले आणि जगभर गाजलेले दिवेही तत्त्वतः हेच आहेत. विकतचा कंदील दिवाळीनंतर बाळाच्या खोलीत आणायचा तर त्याच्या झिरमिळ्या आधी काढाव्या लागतात, कारण त्या तुटून पडतात आणि तोंडात जातात. रंगीत कागद सोलून त्याजागी धुतलेले पांढरे मलमल ताणून बसवावे, कारण कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कागद सर्दावतो, त्यावर बुरशी चढते आणि कसर लागते. कंदील खालून उघडा असेल तर पाळण्यातून बल्ब थेट दिसतो, म्हणून तळाला मलमलीचीच गोल चकती लावावी, पण ती कायमची शिवू नये, चार टिचबटणांवर ठेवावी. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्याकडे झेपावते, तिचे पंख आणि मेलेले किडे त्या चकतीत साठतात, आणि ती काढून झटकता आली नाही तर तो सगळा कचरा बाळाच्या अंथरुणाच्या वर लोंबकळत राहतो. दोन मिनिटांत उतरवून धुता येणारी चकती हा त्या दिव्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि कोणत्याही तयार फिटिंगसोबत ती मिळत नाही.

शेडवर वारली चित्रे काढण्याची चालही आता सर्वत्र दिसते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरीचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता, आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे त्याच भागातील. मूळ परंपरेत सुवासिनी लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तो देवीचा मान आहे, म्हणून चौकाची आकृती दिव्यावर उतरवू नये, तारप्याचा नाच, झाडे, पाखरे घ्यावीत. ही चित्रे बाळासाठी काढली जातात असा समज मात्र खरा नाही. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचे बरे दिसते, आणि दोन मीटरवरच्या छताकडे पाहताना सुमारे एक सेंटीमीटरहून बारीक रेघा त्याच्यासाठी एकमेकींत मिसळून जातात. बारीक रेघांचा तो नाच आईसाठी असतो, जी महिनोन् महिने रात्री त्याच कोपऱ्याकडे पाहत बसलेली असते, आणि तिच्यासाठी काही सुंदर असावे या अपेक्षेने कोणत्याही आक्षेपाला जुमानण्याची गरज नाही. रंग वापरायचा तो २०१६ च्या नियमांप्रमाणे शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून कमी असल्याचे डब्यावर छापलेलाच घ्यावा.

फिटिंग एकदा बसवली की बसवली, पुन्हा हात कशाला लावायचा, हा शेवटचा आग्रह बाळ आपण होऊनच मोडून काढते. आठव्या-नवव्या महिन्यात ते पाळण्याची कड धरून उभे राहते. कालपर्यंत आवाक्याबाहेर असलेली वायर आज त्याच्या मुठीत येऊ शकते, आणि मुलाच्या गळ्याभोवती अडकू शकेल अशी कोणतीही वायर किंवा दोरी पाळण्यापासून किमान तीन फूट दूर असली पाहिजे. त्या आठवड्यात कंदील स्थिर ठेवणारे दोरे सोडावे लागतात, वायरमनला बोलावून लोंबणारी वायर आखूड करून छतापाशी पक्की करून घ्यावी लागते, भिंतीवर खाली लावलेला दिवा असेल तर तो मुलाच्या हाताच्या वर न्यावा लागतो, आणि कंदिलाच्या तळाची चकती तशीच ठेवून बाजूंच्या मलमलीला आणखी एक पदर द्यावा लागतो, कारण उभे राहिलेले मूल आता छताकडे पाहत नाही, ते समोर पाहू लागलेले असते.